डोटिला
डोटिला हा वाळूत बिळे करून राहणाऱ्या लहान समुद्री खेकड्यांचा एक वंश आहे. ओहोटीनंतर कोकणातल्या पुळणीवर बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची जी नक्षी उमटते, ती या व याच्या जवळच्या खेकड्यांची करामत. नक्षीचे फोटो सगळेच काढतात. ती काढणारा जेमतेम सेंटिमीटरभराचा प्राणी मात्र पावलाची चाहूल लागताच बिळात गडप होतो.

हे खेकडे सांधेपाद संघातील कवचधारी प्राण्यांच्या दशपाद गणात मोडतात. दे हान यांनी १८३३ मध्ये या वंशाला ‘डोटो’ हे नाव दिले होते. पण ओकेन यांनी ते १८१५ मध्येच एका समुद्री गोगलगाईच्या वंशाला दिलेले असल्याने नियमानुसार खेकड्याला सोडावे लागले आणि १८५८ मध्ये स्टिम्पसन यांनी ‘डोटिला’ हे नाव रूढ केले. पूर्वी हा वंश ऑसिपोडिडी या कुलात, म्हणजे पुळणीवर सुसाट पळणाऱ्या मोठ्या खेकड्यांच्या गोतावळ्यात धरत. आता त्याचे डोटिलिडी हे वेगळे कुल मानले जाते. २००८ मध्ये इंग, गिनो व डेव्ही यांनी प्रसिद्ध केलेल्या जगातील खेकड्यांच्या सूचीतही ते स्वतंत्रच आहे. तांबड्या समुद्रातील डोटिला सल्काटा, पूर्व आफ्रिकेतील डो. फेनेस्ट्राटा आणि भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणारी डो. मिक्टिरॉइडीस या यातील परिचित जाती. नुसत्या गोळ्यांवरून वंश ओळखू नये, कारण त्याच कुलातील स्कोपिमेराही तशाच गोळ्या करतो. डोटिलाच्या पाठीच्या कवचावर ठळक खाचा असतात.

खाण्याची रीत पाहण्यासारखी आहे. खेकडा दोन्ही नांग्यांनी आळीपाळीने वरची वाळू तोंडाशी नेतो. तिथे कल्ल्यांच्या पोकळीतले पाणी सोडून मुखांगांवरच्या केसांनी ती घुसळतो. हलके सेंद्रिय कण व सूक्ष्मजीव पोटात जातात, जड वाळू तोंडाखाली गोळा होते. गोळी झाली की नांगीने तोडून मागे टाकतो. चरताना तो बिळापासून सरळ रेषेत सरकतो आणि परतीची वाट मोकळी ठेवतो.

पायांच्या मांड्यांवर पातळ पडद्याच्या खिडक्या असतात. त्या ऐकण्यासाठी असाव्यात, असे पूर्वी वाटे. १९८६ मध्ये मेटलँड यांनी दाखवले की त्यांतून हवेतला प्राणवायू रक्तात जातो. पडदे झाकले की त्याचे शोषण घटते.

डो. मिक्टिरॉइडीस पाणथळ, भुसभुशीत वाळूत सापडला की बीळ टिकत नाही. मग तो स्वतःभोवती गिरक्या घेत वाळूच्या गोळ्यांची भिंत रचतो, वर छप्पर जोडतो आणि आत अडकलेल्या हवेसकट खाली उतरतो. भरतीचे पाणी वरून जाते तेव्हा तो त्या हवेच्या कप्प्यात असतो.