बॉन्डचं पिस्तूल कुणी ठरवलं?

जेम्स बॉन्ड म्हटलं की वॉल्थर पीपीके, हे समीकरण इतकं पक्कं झालंय की बॉन्डच्या जन्मापासून ते त्याच्याकडेच असावं असं वाटतं. तसं नव्हतं. 1953 साली ‘कसिनो रोयाल’ या पहिल्या बॉन्ड कादंबरीत लेखक इयान फ्लेमिंगने त्याच्या काखेत दिलं ते .25 बोअरचं चपटं बेरेटा पिस्तूल. गोळी अगदीच चिमुकली. फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या गुप्तचर खात्यात होता खरा, पण शस्त्रांचा दर्दी नव्हता.

दर्दी होता ग्लासगोचा जेफ्री बूथरॉइड. मे 1956 मध्ये त्याने फ्लेमिंगला पत्र लिहिलं. पुस्तकं आवडतात, पण बॉन्डचं हत्यार भलतंच आहे. बेरेटा हे बाईमाणसाचं पिस्तूल, आणि ती बाईसुद्धा फारशी भली नव्हे, असा शेराही मारला. त्याने सुचवलं आखूड नळीचं .38 स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर. आणि ऑटोमॅटिकच, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारं पिस्तूलच, हवं असेल तर 7.65 मिमीचं वॉल्थर पीपीके. म्हणजे पीपीके ही मुळात दुसरी पसंती होती. साध्या वेशातल्या जर्मन पोलिसांना कपड्यांखाली लपवता यावं म्हणून 1930च्या सुमारास काढलेलं हे छोटं पिस्तूल. त्याची 7.65 ची गोळी म्हणजे आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या .32 पिस्तुलाचीच.

फ्लेमिंगने सल्ला मानला, पण ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ तोवर लिहून झालं होतं. त्याच्या शेवटी ऐन वेळी बेरेटाचा सायलेन्सर कपड्यांत अडकतो. तोच धागा धरून 1958च्या ‘डॉक्टर नो’मध्ये बॉन्डचे साहेब त्याचं बेरेटा काढून घेतात आणि नवी शस्त्रं द्यायला येतो तो... मेजर बूथरॉइड! पत्रलेखकाला थेट कथेतच नोकरी मिळाली. पण लेखकाने घोळही घातला: बूथरॉइडने रिव्हॉल्व्हरसाठी सांगितलेलं होल्स्टर, म्हणजे अंगावर हत्यार बाळगायचं म्यान, त्याने पीपीकेच्या गळ्यात मारलं.

‘फ्रॉम रशिया’च्या मुखपृष्ठाचं प्रकरण तर कादंबरीत शोभावं असं. चित्रकार रिचर्ड चॉपिंगला नमुना म्हणून बूथरॉइडने स्वतःचं रिव्हॉल्व्हर पाठवलं. चापाभोवतीची कडी पुढून कापलेलं, मुद्दाम बनवून घेतलेलं. नेमका त्याच काळात ग्लासगोत तिहेरी खून झाला, तोही .38नेच. पोलिसांनी बूथरॉइडकडे चौकशी केली, तेव्हा हत्यार चित्रकाराकडे होतं.

पडद्यावर गंमत आणखी वाढली. 1962च्या ‘डॉक्टर नो’ चित्रपटात पीपीके म्हणून शॉन कॉनरीच्या हाती दिलेलं पिस्तूल खरं तर त्याचा थोरला भाऊ, वॉल्थर पीपी. पुढच्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी फोटो काढायच्या वेळी पीपीके जागेवर नव्हतंच, म्हणून छायाचित्रकार डेव्हिड हर्नने आपलं छर्ऱ्याचं एअर पिस्तूल पुढे केलं. पोस्टरवरची ती रुबाबदार लांब नळी या नेमबाजीच्या खेळण्याची. 2010 साली क्रिस्टीजच्या लिलावात ते पावणेतीन लाख पौंडांच्या वर गेलं.

आणि खऱ्या जगातलं पीपीके? 20 मार्च 1974ला लंडनच्या द मॉल रस्त्यावर राजकन्या ॲन हिला पळवण्याचा प्रयत्न झाला. अंगरक्षक जेम्स बीटन यांनी पीपीकेतून एक गोळी झाडली, ती चुकली आणि पिस्तूल अडकलं. तीन गोळ्या लागूनही ते वाचले. राजघराण्याच्या रक्षकांकडून पीपीके मात्र काढून घेतलं गेलं. त्या जागी आली स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरं, बूथरॉइडची पहिली पसंती.

पडद्यावरचा बॉन्ड तेव्हा लगेच बदलला नाही. उदयपूरला चित्रित झालेल्या 1983च्या ‘ऑक्टोपसी’त वॉल्थर पी5 आलं, 1997 पासून पी99. दोन्ही वेळा कंपनी तीच, आणि माल अर्थातच ताजा. जाहिरातीचं गणित इथे उघड दिसतं. 2008च्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’मध्ये पीपीके परतलं.

2012च्या ‘स्कायफॉल’मध्ये मिळतं ते मात्र पीपीके/एस. 1968च्या अमेरिकी कायद्यात आयात पिस्तुलांसाठी आकाराची अट आली, त्यात पीपीके किंचित बुटकं ठरलं. मग वॉल्थरने पीपीच्या सांगाड्यावर पीपीकेची नळी बसवून हे मॉडेल काढलं. ‘स्कायफॉल’मधल्या पिस्तुलाची गोळीही 7.65 ची नाही, 9 मिमी शॉर्ट या जातीची.