सफारी रॅली आणि केनियाची माती

1963 च्या सफारी रॅलीत शेवटपर्यंत पोहोचल्या फक्त 7 गाड्या. 1968 मध्येही सातच. 1953 साली सुरू झालेली ही शर्यत त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या रोजच्या रहदारीच्या रस्त्यांवरून सुमारे 5,000 किलोमीटर धावायची. बाकीच्या गाड्या कुठे आणि का अडकल्या, हे समजून घ्यायचं तर केनियाचा भूगर्भ पाहावा लागतो.

पूर्व आफ्रिकेच्या पोटातून तापलेला खडक वर येतो आहे. त्याच्या रेट्याने जमीन फुगली आणि उंच पठार तयार झालं. पुढे ते ताणलं जाऊन मधला पट्टा खाली बसला. तीच ही प्रसिद्ध खचदरी. तिच्या दोन्ही कडा आजही वर्षाला काही मिलिमीटरने एकमेकींपासून दूर जात आहेत. ताणाने कवच पातळ झालं की लाव्हारसाला वाट मिळते, म्हणून दरीच्या तळाशी ज्वालामुखींची रांग आहे. आजच्या रॅलीचं ठाणं असलेलं नैवाशा याच तळावर, सुमारे 1,900 मीटर उंचीवर वसलं आहे. शेजारी 2,776 मीटर उंचीचा लोंगोनोट ज्वालामुखी. जवळच्या ओल्कारियात जमिनीतल्या वाफेवर वीज तयार होते.

या ज्वालामुखींनी हजारो वर्षं उधळलेली राख रॅलीच्या वाटेवर पसरलेली आहे. ती पिठासारखी बारीक असते. वरचा थर कोरडा आणि टणक दिसतो, पण चाकाखाली फुटला की गाडी खाली बसते. चालक याला ‘फेश-फेश’ म्हणतात. कणांमध्ये हवा कोंडलेली असते आणि एकमेकांना धरून ठेवायला ओलावा नसतो. त्यामुळे चाकाला रेटा द्यायला काही सापडत नाही. जितकं जोरात फिरवावं तितकं ते खोल जातं. 2021 मध्ये कॅले रोवानपेरासारखा कसलेला चालक केडोंगच्या टप्प्यात असाच रुतून बसला. धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून गाड्यांना हवा ओढणारी नळी उंचावर बसवतात. पाण्यातून जातानाही तीच इंजिन वाचवते.

आणि पाणी तर भरपूर असतं. जुनी सफारी ईस्टरच्या सुट्टीत व्हायची, म्हणजे मार्च ते मे या लांब पावसाळ्यात. नैरोबीच्या आसपासच्या सपाट भागांत ज्वालामुखी खडकापासून झालेली काळी माती आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ती लगेच ओळखू येईल, कारण आपल्या रेगूरप्रमाणेच तिच्यातही मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं, वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, पावसात चाकाला थरावर थर चिकटवणारा रेंदा. वाफसा यायच्या आधी अशा जमिनीत पाऊल टाकू नये, हे आपल्याकडे कोणीही सांगेल. रॅलीला मात्र वाफशाची वाट बघता येत नाही.

उंचीचाही वाटा आहेच. 2,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी असतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनांची ताकद तेवढीच घटायची. याच पठारावर, इटेनसारख्या 2,400 मीटर उंचीच्या गावांत केनियाचे लांब पल्ल्याचे धावपटू घडतात. विरळ हवेत शरीर जास्त तांबड्या पेशी बनवतं, हे त्यामागचं एक कारण, एकमेव नव्हे.

राख, चिखल आणि उंची यांमुळेच सुरुवातीची जवळजवळ 20 वर्षं परदेशी चालकांना इथे जिंकता आलं नाही. पहिला मान 1972 मध्ये फिनलंडच्या हानू मिकोलाने मिळवला. तोपर्यंत ही माती ओळखणारेच जिंकत. केनियातल्या केरिचोत जन्मलेला जोगिंदर सिंग हा त्यांतला माझ्या मते सर्वांत मोठा. मुळात तो मेकॅनिक. 1965 मध्ये भाऊ जसवंतला शेजारी बसवून त्याने जुनी, वापरलेली व्होल्वो पहिली आणली. 1974 आणि 1976 मध्ये मित्सुबिशी लान्सर चालवून पुन्हा जिंकला. शेखर मेहताने 1973 मध्ये आणि नंतर 1979 ते 1982 सलग, अशी 5 वेळा बाजी मारली. त्याचं कुटुंब मूळचं युगांडातलं. इदी अमीनच्या राजवटीत त्यांना देश सोडावा लागला होता.

2002 नंतर जागतिक रॅली अजिंक्यपदाच्या मालिकेतून बाहेर पडलेली सफारी 2021 मध्ये परतली. आता टप्पे बंद रस्त्यांवर होतात आणि अंतरही खूप कमी झालं आहे. तरी त्या वर्षी जागतिक संघांच्या कितीतरी वेगवान गाड्या दगड-राखेत मोडत असताना ओंकार राय, करण पटेल आणि कार्ल टुंडो हे केनियाचे चालक सातवे, आठवे आणि नववे आले.