मुंबईच्या हौशी विज्ञानाची पार्श्वभूमी

मुंबईत विज्ञानाची हौस वाढली ती पोटापाण्याचा उद्योग सांभाळूनच. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. त्यांतले सहा युरोपीय आणि दोन भारतीय. ते दोघेही मराठी डॉक्टर होते: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे एक संस्थापक, व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे भाऊ. दुसरे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणेच्या इतिहासात ही नावं येतात, निसर्गाभ्यासाच्या इतिहासात मात्र आपण ती फारशी घेत नाही, याची खंत वाटते.

सुरुवातीला भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, मंडळी जमत. १८८४मध्ये फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने फोर्टातल्या आपल्या दुकानातली जागा दिली. काम साधं होतं: आणलेला नमुना दाखवायचा, पाहिलेलं सांगायचं आणि नीट नोंदवून ठेवायचं. १८८६पासून नियतकालिकही निघू लागलं.

त्या नोंदवण्याची किंमत १९०८च्या सुमारास कळली. खेतवाडीत वाढलेल्या एका मुलाने एअरगनने चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असली चिमणी घरात कुणी पाहिली नव्हती. मामांनी त्याला सोसायटीत धाडलं. तिथले मानद सचिव मिलार्ड, तेही फिप्सनच्याच पेढीतले. त्यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकेक करून उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. त्या खणांत चिठ्ठ्या लावून जपलेले नमुने नसते, तर त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालंच नसतं.

हे सगळं इंग्रजीत चाले. मराठीतून विज्ञान सर्वांपर्यंत नेण्यासाठी १९६६मध्ये मराठी विज्ञान परिषद उभी राहिली. चुनाभट्टीचं विज्ञान भवन हे तिचं घर. पुढे १९८५-८६मध्ये हॅलेच्या धूमकेतूने लोकांना गच्चीवर आणलं. त्याच निमित्ताने खगोल मंडळ सुरू झालं. शहराच्या उजेडातून बाहेर पडून वांगणीला रात्रभर आकाशदर्शन करायचं, ही सवय कित्येक नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना या मंडळाने लावली.

अलीकडची पिढी किनाऱ्याकडे वळली आहे. २०१७च्या सुमारास ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या हौशी गटाचे किनारा-फेरफटके सुरू झाले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खोल जाते आणि मुंबईत ती साधारण पहाटे नाहीतर संध्याकाळी सहाच्या आसपास लागते, म्हणजे ऑफिसच्या आधी किंवा नंतर. हाजीअलीच्या शेवाळलेल्या खडकांवर पाय जपून टाकायचा, डबक्यात वाकून पाहायचं, काही न उचलता फोटो काढायचा आणि तारीख-ठिकाणासह तो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायचा. ओळख पटवायला जाणकार तिथे असतातच.

सागरी किनारा मार्गासाठी हाजीअली आणि वरळीजवळचे प्रवाळ २०२०मध्ये दुसरीकडे हलवले गेले. शहराच्या किनाऱ्यावरच्या जिवांचे तारीखवार फोटो हौशी मंडळींनी त्याआधीच जमवायला घेतले होते.