अनुरक्षण सेवा

बालगृहात वाढलेल्या मुलाला वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर, तो आपल्या पायावर उभा राहीपर्यंत दिला जाणारा आधार म्हणजे अनुरक्षण. महाराष्ट्रात त्यासाठीच्या निवासाला अनुरक्षणगृह म्हणतात. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात ‘आफ्टरकेअर’ हा शब्दही रुळला आहे.

या सेवेचा पाया म्हणजे बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ४६. कायद्यात १८ ते २१ हा वयोगट धरला आहे. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार अपवाद म्हणून मुदत २३ वर्षांपर्यंत वाढवता येते. सहा ते आठ जणांनी मिळून राहायचे घर, प्रशिक्षण चालू असताना विद्यावेतन, शिष्यवृत्ती, समुपदेशन या गोष्टी नियमांत आहेत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून प्रत्येकी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. मात्र कायद्यातली आर्थिक मदत ‘देता येईल’ अशी आहे, ‘द्यावीच लागेल’ अशी नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

प्रतिपालकत्वात, म्हणजे संस्थेऐवजी दुसऱ्या कुटुंबात (फॉस्टर केअरमध्ये), वाढलेल्यांची अडचण याहून मोठी. त्याच कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे भावंडांची शक्यतो ताटातूट करायची नाही, बालकल्याण समितीने (अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीने) त्या कुटुंबाची दरमहा पाहणी करायची, हिताला बाध येत नसेल तर जन्मदात्या आईवडिलांना भेटू द्यायचे. कलम ४६ मात्र संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांपुरतेच बोलते. दुसऱ्याच्या घरात वाढलेला मुलगा अठराव्या वर्षी त्याच्या शब्दांत बसत नाही. संस्थेऐवजी कुटुंबात वाढणाऱ्या गरजू मुलांसाठी अनुदान देणारी महाराष्ट्राची बालसंगोपन योजनाही १८ व्या वर्षी थांबते. तिचे दरमहा अनुदान २०२३ मध्ये १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाले. पण तिची बरीच मुले एकट्या आईकडे किंवा नातेवाइकांकडेच राहतात, त्यामुळे तिला सरसकट फॉस्टर केअर म्हणणे ढोबळ ठरेल.

अठरावा वाढदिवस पुष्कळदा कागदावरचाच असतो. जन्माचा किंवा शाळेचा दाखला नसेल, तर वय वैद्यकीय तपासणीवरून ठरते, आणि त्या अंदाजावर बालगृह सोडण्याची तारीख पडते.

बाहेर पडल्यावर भाड्याच्या खोलीसाठी अनामत हवी, ओळखीचा माणूस हवा. अर्जातल्या ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात लिहायला बालगृहाचाच पत्ता असतो, जिथे आता त्याला राहता येत नाही.

२०१८ पासून महाराष्ट्रात अनाथांना शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण आहे. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. आई किंवा वडील हयात असतील, तर सारे बालपण बालगृहात गेले तरी ते मिळत नाही. जे पात्र आहेत त्यांनी संस्था सोडण्यापूर्वीच ते हातात घेतलेले बरे. नाहीतर प्रवेशाच्या नोंदीसाठी आणि बालकल्याण समितीच्या आदेशाच्या प्रतीसाठी पुन्हा त्याच फाटकाशी येऊन उभे राहावे लागते.