मंद श्वसन

विश्रांत अवस्थेत आपोआप चालणाऱ्या श्वासाकडे लक्ष देऊन त्याची गती जाणीवपूर्वक कमी करण्याचा सराव. स्वस्थ बसलेली प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारणतः १२ ते २० श्वास घेते; या सरावात ही संख्या सहाच्या आसपास आणतात आणि उच्छ्वास श्वासाइतकाच किंवा त्याहून लांब ठेवतात. श्वास नाकाने घ्यायचा, हे बहुतेक पद्धतींत गृहीत असते.

या सरावाचे मूळ प्राणायामात शोधण्याचा प्रघात आहे; तो ढोबळमानानेच स्वीकारता येतो. देश, काल व संख्या यांनी पारखलेला प्राणायाम ‘दीर्घसूक्ष्म’ होतो, असे योगसूत्रांत (२.५०) म्हटले आहे. सूत्रांच्या काळाविषयी एकमत नाही. सूत्रकार पतंजली आणि ‘महाभाष्य’ हा व्याकरणग्रंथ लिहिणारे पतंजली एकच, असे मानणारे इ. स. पू. दुसऱ्या शतकाकडे झुकतात. अलीकडील पाठचिकित्सा मात्र ग्रंथ इ. स. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास ठेवते व तेच अधिक ग्राह्य वाटते. हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथात (सु. पंधरावे शतक) वात (श्वास) चळला की चित्त चळते असे सांगितले असले, तरी तिचा भर कुंभकावर, म्हणजे श्वास रोखून धरण्यावर, आहे. आनापानसती या बौद्ध ध्यानपद्धतीत तर श्वास बदलायचा नसून नुसता पाहायचा असतो. इगतपुरी येथील विपश्यना शिबिरांची (१९७६ पासून) सुरुवात याच अभ्यासाने होते.

प्राणायामाच्या प्रायोगिक अभ्यासाला स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधाममुळे (१९२४) चालना मिळाली. प्राणायामाचे महत्त्व जादा ऑक्सिजन मिळण्यात नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. निरोगी माणसाचे धमनीतील रक्त एरवीही ऑक्सिजनने जवळजवळ संपृक्त असते. उलट भराभर मोठे श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. घाबरलेल्या माणसाला ‘मोठा श्वास घे’ असे सांगण्यापेक्षा ‘सावकाश सोड’ असे सांगणे म्हणूनच अधिक योग्य.

श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. तरुणांत हा फरक मनगटावर बोटे ठेवूनही जाणवतो. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये त्याची नोंद केली. उच्छ्वासात व्हेगस या हृदयगती मंदावणाऱ्या तंत्रिकेचा हृदयावरील लगाम घट्ट होतो, एवढे सर्वमान्य आहे. तो का होतो यावर वाद आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ एकबर्ग यांच्या मते मेंदूतील श्वसनकेंद्रच व्हेगसचे संदेश अडवते व सोडते. त्याच क्षेत्रातील कारेमाकर यांच्या मते श्वासागणिक रक्तदाब बदलतो आणि दाबसंवेदी प्रतिक्षेप (रक्तदाब बदलताच नाडी आपोआप बदलणारी यंत्रणा) त्याला उत्तर देतो. विश्रांत श्वसनात पहिली यंत्रणा प्रभावी असावी. मिनिटाला सहा श्वासांच्या सुमारास मात्र दुसरी दुर्लक्षून चालत नाही. रक्तदाब-नियमनाचे स्वतःचे आंदोलन सुमारे दहा सेकंदांचे असते. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्हींची लय जुळते आणि नाडीतील चढउतार मोठे होतात. बर्नार्डी व सहकाऱ्यांना (२००१) कॅथलिकांची लॅटिन जपमाळ-प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा बौद्ध मंत्र या दोन्हींच्या पठणात श्वास आपसूक याच गतीला आलेला आढळला. हा योगायोग की परंपरांनी अनुभवाने साधलेली गोष्ट, हे त्यावरून ठरत नाही.

प्रत्यक्ष सरावात आधी सवय टिपतात : एक हात छातीवर, दुसरा पोटावर ठेवून कोणता अधिक हलतो, तोंड उघडे राहते का, मोबाईलवरचा मजकूर वाचताना श्वास रोखला जातो का. पाहू लागताच श्वास बदलतो, ही यातील जुनी अडचण; म्हणून मिनिटातील श्वास मोजण्याचे काम दुसऱ्याने, न सांगता केलेले बरे. पुढे पाच सेकंद श्वास, पाच सेकंद उच्छ्वास, असे काही मिनिटे करतात. रक्तदाब व चिंता यांवर परिणाम अनुकूल पण माफक दिसतो; औषधांना तो पर्याय नव्हे. गुदमरल्यासारखे वाटल्यास गती वाढवावी. गर्भावस्थेत व हृदयविकारात श्वास रोखून धरणे टाळतात.