कोवळी रोपे (घरात बियांपासून वाढवलेली)

बी थेट वाफ्यात न टाकता घरात, खिडकीशी किंवा गॅलरीत ठेवलेल्या ट्रेमध्ये रुजवतात आणि रोप चार-पाच पानांवर आले की कायमच्या जागी लावतात. रुजण्यापासून पुनर्लागवडीपर्यंतचा हा काळ टोमॅटो, कोबी, फुलकोबीला साधारण 25 ते 30 दिवसांचा, मिरचीला 35 ते 40 दिवसांचा आणि कांद्याला 45 ते 50 दिवसांचा असतो. गाजर, मुळा, मेथी, कोथिंबीर यांना ही पद्धत मानवत नाही. त्यांचे बी जागेवरच पेरावे. मुळाला धक्का लागलेल्या गाजराला फाटे फुटतात.

महाराष्ट्रात रोपे आडोशाला वाढवण्याची कारणे म्हणजे जून-जुलैच्या मुसळधार सरी, एप्रिल-मेची काहिली आणि टोमॅटो-मिरचीवर पर्णगुच्छ, बोकड्या यांसारखे विषाणूजन्य रोग पसरवणारी पांढरी माशी व फुलकिडे. ब्रिटन, कॅनडा किंवा अमेरिकेच्या थंड भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढचा प्रश्न उलटा असतो. तिथे वसंतातही रात्री पारा शून्याखाली जातो, म्हणून मिरची-वांग्याचे बी फेब्रुवारी-मार्चमध्येच घरात टाकावे लागते.

घरात वाढलेली बहुतेक रोपे दोन कारणांनी जातात: उजेड कमी पडतो आणि पाणी जास्त होते.

आधी उजेडाचे पाहू. नवरात्रात घटाभोवती मातीत पेरलेले धान्य सगळ्यांनी पाहिलेले असते. देवघराच्या मंद प्रकाशात गहू वीतभर वाढतो, पण दसऱ्याला टोपीत खोवायला घ्यावा तर तो पिवळसर आणि नाजूक असतो. अंधारात सपुष्प वनस्पतींना हरितद्रव्य पुरे करता येत नाही. मातीखालून वर यायचे आहे अशा बेताने रोप सगळी शिदोरी उंचीवर खर्च करते. गव्हाच्या दाण्यात नऊ दिवस पुरेल एवढी शिदोरी असते. टोमॅटोचे बी मात्र ग्रॅमला 300च्या आसपास भरते. एवढ्याशा बियाला ही उधळपट्टी परवडत नाही. दोन-चार दिवस अंधुक खोलीत गेले की त्याचे खोड दोऱ्यासारखे लांबते आणि पुढे उन्हात ठेवले तरी ते पूर्ण सावरत नाही.

एका बाजूने उजेड आला की रोप तिकडे झुकते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये दाखवले, की गवताच्या कोंबाला प्रकाशाची दिशा शेंड्याला कळते, वाकतो मात्र त्याखालचा भाग. शेंड्याकडून खालच्या भागाला हा निरोप पोहोचवणारे वृद्धिद्रव्य, म्हणजे ऑक्सिन, फ्रिट्स वेंट यांनी 1928च्या सुमारास ओटच्या कोंबांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. अंधाऱ्या बाजूला ऑक्सिन जास्त जमते, ती बाजू जास्त लांबते आणि रोप उजेडाकडे वळते. ट्रे रोज फिरवल्याने खोड सरळ राहते, पण उजेडाची तूट भरून निघत नाही. भर उन्हात प्रकाश एक लाख लक्सच्या घरात असतो, तर खोलीच्या आतल्या भागात तो काही शेकड्यांवर येतो. आपल्या डोळ्यांना ही तफावत जाणवत नाही, म्हणूनच फसगत होते. खिडकी उत्तरेची असेल किंवा पावसाळी आभाळ असेल, तर पांढरी एलईडी नळी रोपांच्या वर 10 ते 15 सेंटिमीटरवर टांगून दिवसाला 14 ते 16 तास चालू ठेवावी आणि रोपे वाढतील तशी वर सरकवावी.

दाटीही रोपाला लांबवते. शेजारच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात तांबडा प्रकाश कमी आणि त्यापलीकडचा अतिरक्त प्रकाश जास्त असतो. हा फरक ओळखणारे रंगद्रव्य फायटोक्रोम होय. 1952 मध्ये अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या बियांवर तांबडा आणि अतिरक्त प्रकाश आलटून पालटून टाकला, तेव्हा बी रुजणार की नाही हे शेवटच्या प्रकाशावर ठरले. म्हणून एका कप्प्यात एकच रोप ठेवावे. जादा रोप उपटू नये, कात्रीने छाटावे; उपटताना शेजारच्याची मुळे तुटतात.

दुसरे संकट पाण्यातून येते. संध्याकाळपर्यंत टवटवीत असलेली रोपे सकाळी आडवी झालेली दिसतात. खोड मातीलगत पाणचट, तपकिरी आणि बारीक झालेले असते. शेतकरी याला रोपे कोलमडणे किंवा मर म्हणतात. याच्या मागे पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम या मातीतल्या रोगकारक सूक्ष्मजीवांपैकी कोणी तरी असते. पिथियम खरी बुरशी नव्हे, तिच्यासारखा दिसणारा वेगळ्या कुळातला जीव आहे. त्याचे चल बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत मुळांपर्यंत जातात. साचलेले पाणी त्यांना हवेच असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खोडाच्या पेशीभित्ती पातळ असतात, तेव्हा धोका सर्वाधिक. कोलमडलेले रोप वाचत नाही. ते मातीसकट काढून टाकावे आणि उरलेल्यांचे पाणी कमी करावे. लोक रोप मान टाकते म्हणून पुन्हा पाणी घालतात. त्या पाण्यानेच शेजारची रोपेही जातात.

बचाव आधीच करावा लागतो. अंगणातली माती ट्रेमध्ये भरू नये. तिच्यात हे सगळे जीव आणि तणाचे बी असते. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळतात, त्यानेही रोपाच्या जागेवरचे तण जळते. ट्रेसाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेले गांडूळखत चालते. कोकोपीट क्षारयुक्त असू शकते, म्हणून भिजवून दोन-तीन वेळा धुऊन घ्यावे. जुना ट्रे साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी किलोभर बियाला 4-5 ग्रॅम लावण्याची पद्धत आहे. घरच्या चिमूटभर बियाला बोटावरची पूड पुरते.

पाणी खालून देणे उत्तम. ट्रे परातभर पाण्यात ठेवून वरचा थर ओलसर झाला की उचलावा आणि उरलेले निथळू द्यावे. पुढचे पाणी वरचा थर फिका पडल्यावर, तेही सकाळी द्यावे. बियावर झाकलेले प्लास्टिक पहिला कोंब दिसताच काढावे. टोमॅटो, मिरची, वांगी यांना रुजताना 25 ते 30 अंश सेल्सिअस ऊब लागते. रुजल्यावर तेवढ्या उबेची गरज नसते, उलट कमी उजेडात ती रोपाला लांबवते. लेट्यूसचे बी मात्र कडक उकाड्यात रुजतच नाही.

पंख्याची मंद झुळूक फार उपयोगी आहे. हवा खेळती राहून माती वरून सुकते, आणि हलणारे खोड बुटके व जाड होते. स्पर्शाने होणाऱ्या या बदलाचा अभ्यास एम. जे. जॅफ यांनी 1973 मध्ये मांडला. दिवसातून एक-दोनदा रोपांवरून तळहात हलकेच फिरवला तरी तोच परिणाम मिळतो. पहिली दोन पाने बियातलीच असतात. खरी पाने आली की शिदोरी संपत आलेली असते. निव्वळ कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसते, म्हणून तेव्हापासून 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा द्यावे.

लागवडीपूर्वी सात ते दहा दिवस रोपांना बाहेरची सवय लावतात. पहिल्या दिवशी कोवळ्या उन्हात तासभर, मग रोज थोडा वेळ वाढवत. या काळात पाणीही जरा कमी. एकदम भर उन्हात ठेवलेल्या रोपाची पाने पांढरी पडून करपतात. हलवताना रोप पानाला धरावे, खोडाला नव्हे. पान गेले तर नवे येते, चिरडलेले खोड सुधारत नाही. लागवड संध्याकाळी करावी. टोमॅटोचे लांबलेले रोप खालची पाने काढून खोल लावता येते, कारण त्याच्या गाडलेल्या खोडावर नवी मुळे फुटतात. लेट्यूसचा गाभा मात्र मातीखाली गेला तर कुजतो.