फ्राइड लिव्हर अटॅक

फ्राइड लिव्हर अटॅक ही बुद्धिबळातल्या टू नाइट्स डिफेन्समधली (काळा दोन्ही घोडे बाहेर काढतो तो बचाव) लाइन, म्हणजे चालींचा ठरलेला क्रम, आणि लहान मुलांच्या स्पर्धेत पाच-सहा बोर्डांवरून चक्कर मारली तर एखाद्यावर तरी हिची सुरुवात दिसतेच. चाली अशा: १.ई४ ई५ २.घोडा एफ३ घोडा सी६ ३.उंट सी४ घोडा एफ६ ४.घोडा जी५. आता उंट आणि घोडा दोघांचाही डोळा एफ७ वर, आणि त्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचाच आधार नसतो. काळा ४...डी५ (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) करून उंटाची वाट अडवतो, पांढरा ते प्यादं मारतो, आणि इथे मुलं हमखास एफ६ च्या घोड्याने परत मारतात. गेलेलं प्यादं वसूल करायचं हेच तर नुकतं शिकलेले असतात, त्यामुळे चाल सुचणं अगदी साहजिक आहे.

मग ६.घोडा×एफ७! (× म्हणजे मारणं) अख्खा घोडा द्यायचा, राजाने तो मारायचा, आणि ७.वजीर एफ३ शह. शह तर आहेच, वर डी५ च्या घोड्यावर वजीर आणि उंट दोघांचा मारा, तो वाचवायचा तर राजाला ई६ वर म्हणजे पटाच्या मधोमध यावं लागतं. घाबरून राजा जी८ ला पळाला तर ८.उंट×डी५ शह, वजीर×डी५ ९.वजीर×डी५ शह, उंट ई६ १०.वजीर×ई६ मात, खेळ खल्लास. ई६ वर आला तरी ८.घोडा सी३ ने तिसरा मारा येतो. काळा अचूक खेळला तर इथून लगेच हरत नाही, पण घड्याळ चालू असताना दहा वर्षांच्या पोराला ते जमणं फार अवघड.

कल्पना जुनी आहे, इटलीच्या पोलेरिओचा १६०० च्या आसपासचा असा डाव मिळतो. पुढे जर्मन खेळाडू टाराशने तर ४.घोडा जी५ लाच अनाडी चाल ठरवलं, पण मोठमोठे खेळाडू ती खेळतच राहिले.

उपाय म्हणजे डी५ वर परत न मारता ५...घोडा ए५, सी६ चा घोडा. प्यादं गेलं तरी उंटाला धक्का बसतो आणि काळ्याच्या सोंगट्या पटापट बाहेर येतात. पण खेळायच्या इराद्याने एफ६ च्या घोड्याला हात लावला की नियमाने तोच खेळावा लागतो, मग ए५ आठवून काही उपयोग नाही. म्हणून ही लाइन मुलांना पांढऱ्याइतकीच काळ्याकडूनही शिकवायला हवी. ज्यांना ही भानगडच नको ते तिसऱ्या चालीला ३...उंट सी५ करतात, मग जी५ वर आलेला घोडा काळ्याचा वजीर सरळ मारतो.